रूट कॅनालमधला भराव मुळाच्या भिंतीला किती चिकटतो?

खडूफळा

रूट कॅनाल केलेला दात काही वर्षांनी पुन्हा ठणकायला लागला की "आतलं सिमेंट सुटलं असेल" हे वाक्य हमखास कानावर येतं. पेशंट म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. दाताच्या मुळाच्या आत भरलेला पदार्थ भिंतीला घट्ट चिकटून बसलेला असतो आणि तो सुटला की दात बिघडतो, अशी त्यामागची समजूत. मी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मटेरियल्स शिकवतो. वर्गातही हा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी आत काय असतं ते. मुळातली नळी साफ करून झाली की तिच्यात गटापर्चाच्या बारीक निमुळत्या काड्या, म्हणजे कोन, बसवतात. गटापर्चा हा झाडाचा चीक, रबराचा भाऊबंद. १८६७ पासून तो मुळात भरायला वापरतात. आजच्या कोनमध्ये खरा गटापर्चा जेमतेम पाचवा हिस्सा असतो. साठ ते पंचाहत्तर टक्के झिंक ऑक्साइड, आणि उरलेल्यात मेण, रेझिन आणि एक्स-रेत पांढरं दिसावं म्हणून घातलेले जड धातूंचे क्षार. हा पदार्थ दाताला अजिबात चिकटत नाही. गरम करून दाबला तर नळीच्या आकारात छान बसतो, पण गार होताना आक्रसतो. त्यामुळे कोन आणि भिंत यांच्यामधली फट भरायला एक पातळ लेप लागतो. त्याला सीलर म्हणतात. धाग्याचा प्रश्न खरं तर या सीलरबद्दल आहे. त्याच्या थराची जाडी ५० मायक्रॉनपेक्षा जास्त होता कामा नये, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं.

आता भिंत. दाताच्या वरच्या भागाला इनॅमलचं कवच असतं, मुळाच्या आत मात्र सगळं डेंटिनच. वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग, त्यातही बहुतांश कोलॅजन, आणि १० टक्के पाणी. त्यातून लाखो सूक्ष्म नलिका आडव्या जातात. मुळाच्या तोंडापाशी त्या दाट असतात, टोकाकडे विरळ होत जातात. वयस्क माणसाच्या मुळाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात त्यांतल्या पुष्कळशा खनिजाने भरून बंद झालेल्या असतात. रेझिन असो की सिमेंट, बहुतेक मटेरियलना शिरायला नलिका किंवा कोलॅजनचं जाळं लागतं. जिथे घट्ट बंद व्हायला हवं त्या टोकापाशीच हे दोन्ही कमी मिळतं.

त्यावर आणखी एक अडचण. फाइल, म्हणजे नळी घासायचं बारीक हत्यार, फिरवली की डेंटिनचा चुरा, कोलॅजनचे तुकडे, मेलेल्या पेशी आणि जंतू यांचा एक-दोन मायक्रॉनचा लेप भिंतीवर फासला जातो. मुळाच्या आतला हा स्मिअर लेअर मॅकोंब आणि स्मिथ यांनी १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवला. तो न काढता सीलर भरला, तर सीलर भिंतीला नव्हे, या चुऱ्याला चिकटतो.

माझं म्हणणं आत्ताच मांडतो, मग चर्चा करू. मुळातला बंध दुबळाच असतो. वरच्या भागात कॉम्पोझिट, म्हणजे रेझिनचं फिलिंग, डेंटिनला २० मेगापास्कलच्या वर सहज धरतं, सीलरचे आकडे मात्र एक-दोन ते चार-पाच मेगापास्कलच्या आसपास फिरतात. पण गटापर्चा आणि सीलरच्या बाबतीत तो दुबळेपणा दात जाण्याचं मुख्य कारण नसतो. पोस्टची, म्हणजे कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेल्या दांडीची, गोष्ट वेगळी. तिथे बंधावर खरोखरच भार असतो.

पाणकणीस

सर, पोस्टचा उल्लेख आला म्हणून विचारते. माझ्या पुढच्या दाताला रूट कॅनालनंतर फायबर पोस्ट घालून कॅप बसवली होती. दोनेक वर्षांत कॅप, आतला गाभा आणि पोस्ट असं सगळं एकसंध हातात आलं. दुखलं काहीच नाही. पोस्टवर सिमेंटचा थर नीट दिसत होता, दात आतून मात्र कोरा. डॉक्टर म्हणाले "सिमेंटने सोडलं". म्हणजे सिमेंट हलकं वापरलं होतं का?

कवडसा

पाणकणीस ताई, सिमेंट पोस्टवर राहिलं आणि दात कोरा निघाला, म्हणजे सिमेंट पोस्टला नीट धरून होतं, डेंटिनला धरलं नाही. फायबर पोस्टच्या तक्रारींमध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. सिमेंट हलकं असेलच असं नाही. चांगल्यातलं चांगलं सिमेंटही चुकीच्या तयारीच्या भिंतीवर टिकत नाही. मी रूट कॅनालचंच काम करते, म्हणून तयारीबद्दल लिहिते.

नळी धुवायला आम्ही हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वापरतो. त्याला पर्याय नाही. जंतू मारणं आणि मेलेला लगदा विरघळवणं ही दोन्ही कामं करणारं दुसरं द्रावण आमच्याकडे नाही. पण हायपो भिंतीवरचं कोलॅजनही खातो आणि मागे ऑक्सिजनचा अंश ठेवून जातो. रेझिन घट्ट होताना जी साखळी-प्रक्रिया होते, ती ऑक्सिजन मध्येच तोडतो. त्यामुळे शेवटचं धुणं हायपोचं झालं आणि लगेच रेझिन सिमेंट भरलं, तर भिंतीलगतचा थर अर्धाकच्चा राहतो. सोडियम ॲस्कॉर्बेटने धुतलं तर हा परिणाम बराचसा मागे फिरतो, हे प्रयोगांत दिसलंय. हायड्रोजन पेरॉक्साइडही याच कारणाने रेझिनच्या कामाला वाईट.

स्मिअर लेअर काढायला १७ टक्के ईडीटीए, साधारण मिनिटभर. जास्त वेळ ठेवलं तर डेंटिन झिजतं, नलिकांची तोंडं भगदाडासारखी होतात. आणि हायपो नळीत असताना क्लोरहेक्सिडिन कधीही ओतायचं नाही. दोन्ही भेटले की तपकिरी-नारिंगी गाळ बनतो आणि नलिकांची तोंडं बुजतात. मध्ये सलाइन किंवा डिस्टिल्ड वॉटर घालून पेपर पॉइंटने सुकवायचं, मग पुढचं.

पोस्टसाठी जागा करताना आणखी एक गोष्ट होते. ड्रिल फिरतं, तापतं, आणि आधीचा गटापर्चा व सीलर वितळून भिंतीवर नव्याने फासला जातो. डोळ्यांना जागा साफ दिसते. मायक्रोस्कोपखाली पाहिलं की भिंतीवर गुलाबी ओरखडे आणि चकाकणारे डाग दिसतात. तिथे कुठलंच सिमेंट चिकटणार नाही. आधीचा सीलर युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या घटकाचा, असेल तर आणखी वाईट, कारण युजेनॉल रेझिनला घट्ट होऊ देत नाही.

लोहचुंबक

मी दातांचा माणूस नाही, औद्योगिक ॲडहेसिव्हमध्ये काम करतो. वाचताना एक गोष्ट खटकली. रासायनिक तयारी समजली, पण आकारमानाचं काय? रेझिन घट्ट होताना आकसतं. चारही बाजूंनी बंद असलेल्या लांबट नळीत ते आकसणार कुठे? आमच्याकडे असा सांधा कुणी काढला तर डिझाइन परत पाठवतात.

खडूफळा

लोहचुंबक, नेमकं तेच. कॉम्पोझिट रेझिन घनफळाने साधारण दोन-तीन टक्के आकसतं, पातळ सिमेंटं आणि सीलर त्याहून जास्त. पावसाळ्यानंतर तळ्याचा गाळ सुकतो तेव्हा वरचा पृष्ठभाग मोकळा असेल तिथे तो नुसता खाली बसतो, कडेला धरून असेल तिथे भेगा पडतात. दातात या हिशेबाला सी-फॅक्टर म्हणतात. चिकटलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ भागिले मोकळ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. फाइल्झर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ही कल्पना मांडली. दाढेच्या वरच्या साध्या चौकोनी खड्ड्यात पाच बाजू चिकटलेल्या आणि एक मोकळी, म्हणून सी-फॅक्टर पाच. त्यालाही आम्ही जोखमीचं समजतो. मुळाच्या नळीत मोकळी बाजू म्हणजे फक्त वरचं इवलंसं तोंड. तिथे हा आकडा शेकड्यांत जातो. २००५ मध्ये टे आणि सहकाऱ्यांनी सीलरच्या पातळ थरासाठी जे गणित मांडलं, त्यात तो हजारांत गेला.

तुम्ही विचाराल, थर पातळ असेल तर आकसणारं घनफळही कमी ना? बरोबर. त्याच गणितात तोही भाग होता. थर जसा पातळ होतो तसं एकूण आकसणं घटतं, पण सी-फॅक्टर त्याहून झपाट्याने चढतो. निष्कर्ष मुळाच्या विरोधातच गेला.

लोहचुंबक

मग घट्ट व्हायला जास्त वेळ घेणारं रेझिन का वापरत नाहीत? हळू घट्ट होणाऱ्या पॉलिमरमध्ये सुरुवातीचा ताण वाहून जातो. आमचं ते नेहमीचं तंत्र आहे.

खडूफळा

वापरतात, आणि माझ्या मते गेली कित्येक दशकं इपॉक्सी सीलर टिकून राहिले त्याचं हे एक मोठं कारण आहे. १९५० च्या दशकात श्रोडर यांनी एएच २६ आणला. घट्ट होताना त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड निघायचं. ती अडचण दूर करून पुढे एएच प्लस आला. तो शरीराच्या तापमानाला घट्ट व्हायला सुमारे आठ तास घेतो. तेवढ्या वेळात तो नलिकांच्या तोंडांत, खाचाखोचांत वाहत राहतो, आणि ताण बराचसा ओसरतो. शिवाय इपॉक्सीची उघडलेली कडी कोलॅजनमधल्या अमिनो गटांशी जोडली जाऊ शकते. बंध मोजण्याच्या बहुतेक प्रयोगांत तुलनेसाठी एएच प्लस ठेवतात, ते उगाच नाही.

घडवंची

मी निवृत्त दंतवैद्य. मध्यंतरी एका नव्या भरावाची फार हवा होती. गटापर्चाच्या जागी पॉलिमरचा कोन, त्याला जुळणारा रेझिनचा सीलर, आणि कोन, सीलर, डेंटिन सगळं मिळून एकजीव होतं म्हणायचे. मीही काही केसेस केल्या होत्या. पुढे तो बाजारातून दिसेनासा झाला. नक्की काय बिनसलं?

खडूफळा

घडवंची काका, तुम्ही रेझिलॉनबद्दल म्हणताय. २००४ च्या सुमारास ते आलं. कल्पना मोठी आकर्षक होती. गटापर्चा कशालाच चिकटत नाही ना, मग त्याच्या जागी चिकटणारा कोन घालू. कोन सीलरला चिकटेल, सीलर डेंटिनला, आणि मूळ आतून एकसंध होऊन मजबूतही होईल. याला मोनोब्लॉक म्हणत.

तीन ठिकाणी ते अडलं. पहिलं म्हणजे वर लोहचुंबक यांनी उचलून धरलेला मुद्दा. त्याचा मेथॅक्रिलेट रेझिनचा सीलर भराभर घट्ट होतो आणि आकसतो. वरून लाइट मारला की तोंडाशी तो लगेच कडक होतो, म्हणजे उरलासुरला मोकळा पृष्ठभागही बंद. ताण ओसरायला जागाच उरत नाही, आणि कुठली तरी एक बाजू सुटते, बहुधा डेंटिनची. दुसरं, कोनाचा सीलरशी जोडही अपेक्षेइतका पक्का नव्हता. बंध मोजले गेले तेव्हा साधा गटापर्चा आणि एएच प्लस ही जोडी रेझिलॉनच्या बरोबरीने किंवा वरचढ निघाली. तिसरं मला सगळ्यात गंभीर वाटतं. कोन पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा होता. हा पॉलिएस्टर आहे आणि एन्झाइमने तुटतो. लायपेजसारख्या एन्झाइममध्ये ठेवल्यावर त्याचा पृष्ठभाग झिजलेला दिसला. मुळाच्या आत उरलेल्या जंतूंकडे अशी एन्झाइम असतात.

या प्रकरणातून मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट शिकवतो. "चिकटतं" हे कागदावर सिद्ध झालं, तरी कुठल्या आकाराच्या जागेत चिकटायचंय हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. इनॅमलवर ॲसिड लावून रेझिन चिकटवायची युक्ती बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दिली. डेंटिनमध्ये रेझिन आणि कोलॅजन एकमेकांत मुरून तयार होणारा हायब्रिड लेअर नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवला. दोन्ही शोध फार मोठे आहेत. पण दोन्हींच्या मागे उघडा, दिसणारा, हवा-उजेड पोचणारा पृष्ठभाग गृहीत आहे. मुळाच्या आत यातलं काहीच नसतं.

टिपकागद

मी सध्या पीजी करतोय आणि पुश-आउट टेस्टवरच काम आहे. इथे आकडे येतायत तर ते कसे निघतात ते लिहावंसं वाटलं, कारण ते पाहिल्यावर आकड्यांकडे बघायची नजर बदलते.

काढलेला दात घेतो, नळी साफ करून भरतो, सीलर पूर्ण घट्ट होईपर्यंत दमट उबेत ठेवतो. मग पाण्याची धार चालू ठेवून हिऱ्याच्या संथ करवतीने मूळ आडवं कापतो, १ मिलिमीटर जाडीच्या चकत्या. चकती टेबलावर ठेवली की मधोमध गुलाबी टिपका आणि भोवती फिकट कडं दिसतं. ते कडं म्हणजे सीलर, आणि कित्येकदा ते एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच असं असतं. ही चकती भोकाच्या आधारावर ठेवून टोकाच्या बाजूकडून एका बारीक दांड्याने गुलाबी टिपक्यावर दाब देतो, कारण नळी तोंडाकडे रुंदावते. वेग मिनिटाला अर्धा ते एक मिलिमीटर. स्क्रीनवरची रेषा चढत जाते आणि एका क्षणी खाली येते. तो आकडा न्यूटनमध्ये. त्याला भिंतीच्या क्षेत्रफळाने भागलं की मेगापास्कल.

नळीचा व्यास १ मिलिमीटर धरला तर १ मिलिमीटरच्या चकतीत भिंतीचं क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस मिलिमीटर. भराव ६ न्यूटनला सुटला तर बंध जवळपास २ मेगापास्कल. ६ न्यूटन म्हणजे साधारण ६०० ग्रॅमचा भार. चकतीभर डेंटिनला धरून असलेली ताकद एवढीच. एकाच दाताच्या वरच्या आणि खालच्या चकतीत मोठा फरक पडतो आणि टोकाची चकती बहुधा कमी देते.

नंतर ती चकती मायक्रोस्कोपखाली जाते. भिंत स्वच्छ असेल तर सीलर भिंतीपासून सुटला, भिंतीवर सलग थर असेल तर सीलर स्वतःत फाटला, आणि दोन्ही दिसलं तर मिश्र. मला आकड्यापेक्षा हे दृश्य जास्त सांगून जातं.

लोहचुंबक

टिपकागद, तुमचा गटापर्चा मऊ आहे. दांड्याने दाबल्यावर तो बाजूला फुगून भिंतीवर दाबला जात नाही का? मग तुम्ही चिकटपणा मोजताय की घर्षण?

टिपकागद

दोन्हींची बेरीज मोजतोय, हे मान्य. म्हणूनच दांड्याचा व्यास नळीच्या मानाने किती ठेवायचा यावर पेपरांत वाद आहेत. काही जण गटापर्चा वगळून नुसता सीलर भरतात. घोटाळा कमी होतो, पण असा भराव तोंडात कुणीच करत नाही. त्यामुळे एका पेपरातला २ आणि दुसऱ्यातला ५ शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. एकाच प्रयोगात, एकाच हाताने केलेल्या दोन गटांची तुलना तेवढी भरवशाची.

खडूफळा

यालाच जोडून. बंधाबरोबर गळती मोजण्याचेही ढीगभर प्रयोग झाले. भरलेलं मूळ रंगात बुडवायचं आणि रंग किती आत गेला ते बघायचं. निकाल एकमेकांशी जुळत नव्हते आणि प्रत्यक्ष पेशंटमध्ये काय होतं त्याच्याशीही नाही. शेवटी २००७ मध्ये जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्सने असे सीलर-गळतीचे पेपर घेणं थांबवलं. मला तो निर्णय फार योग्य वाटतो. पुश-आउटला तसं कुणी थांबवलेलं नाही, पण त्याच्या आकड्यावरून "दात किती वर्षं टिकेल" असं कुणी सांगू लागलं तर ऐकू नये.

कवडसा

बायोसिरॅमिकबद्दल कुणीच काही लिहिलं नाही? गेल्या काही वर्षांत माझ्या बऱ्याच केसेसमध्ये मी तेच वापरते. एमटीए या दंतसिमेंटवर १९९३ मध्ये तोराबिनेजाद यांच्या गटाचा पहिला पेपर आला. त्याच कॅल्शियम सिलिकेट घराण्यातले हे सीलर. यांना पाणी हवं. नलिकांमधला ओलावा घेऊनच ते घट्ट होतात, त्यामुळे इपॉक्सीसाठी करतो तसं नळी कोरडीठाक करणं इथे उलट पडतं. घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं, परिसर अतिशय अल्कलाइन होतो, आणि ऊतींमधल्या फॉस्फेटशी मिळून पृष्ठभागावर ॲपॅटाइटसारखं खनिज साचतं. आकसणं नगण्य. लोहचुंबक यांचा आक्षेप इथे जवळपास निकालात निघतो.

खडूफळा

निकालात निघतो, पण आकडे तेवढे चढत नाहीत, हे बघण्यासारखं आहे. पुश-आउटमध्ये बायोसिरॅमिक कधी एएच प्लसच्या बरोबरीने, कधी खाली येतात. त्यांचा जोड वेगळ्या जातीचा आहे. अल्कलाइन सिमेंट डेंटिनमधल्या कोलॅजनचा बाहेरचा भाग विरवतं आणि तिथे खनिज शिरतं. ॲटमे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बायोडेंटिन या अशाच सिमेंटखाली हा पट्टा दाखवला. ओलाव्यात हा जोड काळाबरोबर सुधारू शकतो. रेझिनचं उलट असतं. हायब्रिड लेअरमधलं उघडं राहिलेलं कोलॅजन डेंटिनमधलीच एन्झाइम हळूहळू खातात, म्हणून रेझिनचा बंध सुरुवातीला छान आणि पुढे उतरता.

एक सावधगिरी मात्र. बायोसिरॅमिक नळीत कडक झालं आणि पुढे मूळ पुन्हा उघडायची वेळ आली, तर त्याला विरघळवणारं चांगलं सॉल्व्हंट नाही. मधला गटापर्चाचा कोन टोकापर्यंत पोचलेला असेल तर त्याच्या वाटेने जाता येतं. कोन आखूड आणि पुढे नुसतं सिमेंट असेल तर टोकापर्यंत पोचणं फार अवघड.

शेवंती

सगळा धागा वाचला. बरंचसं पहिल्यांदाच कळतंय. मला लवकरच रूट कॅनाल करून घ्यायचंय. मग डॉक्टरांना कुठला सीलर वापरा म्हणून सांगू?

खडूफळा

शेवंती ताई, सीलरचं नाव सांगू नका. डॉक्टरांचा हात ज्या सीलरवर बसलाय तोच त्यांना वापरू द्या. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. काम करताना रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा, लावणार का, आणि वरचं पक्कं फिलिंग किंवा कॅप कधी बसणार.

असं का म्हणतो ते सांगतो. १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांचा लगदा उघडा ठेवला. साध्या उंदरांमध्ये तो सडला आणि मुळाशी गळवं झाली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये लगदा जिवंत राहिला, वर डेंटिनचा पूलही तयार झाला. आजार जंतू करतात. भरावाचं काम, आतल्या उरलेल्या जंतूंना कोंडणं आणि बाहेरून नव्यांना येऊ न देणं. उरलेले म्हणतो, कारण सगळे कधीच जात नाहीत. २००१ मध्ये पीटर्स यांनी मायक्रो-सीटीने दाखवलं की फाइल कुठलीही वापरली तरी नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा अधिक भाग तिचा स्पर्श न होताच राहतो. त्या भागापर्यंत धुण्याचं द्रावणच पोचतं. ज्या भिंतीवर जंतूंचा थर तसाच आहे, तिथे कुठला सीलर काय चिकटणार?

रबर डॅम लाळ बाहेर ठेवतो, म्हणून हायपो मोकळ्या हाताने वापरता येतो. आणि वरच्या फिलिंगचं महत्त्व रे आणि ट्रोप यांच्या १९९५ च्या पाहणीतून कळतं. त्यांनी रूट कॅनाल झालेल्या १०१० दातांचे एक्स-रे तपासले. मुळातलं काम आणि वरचं फिलिंग दोन्ही चांगलं, तिथे ९१.४ टक्के दातांच्या मुळाशी आजार नव्हता. दोन्ही वाईट, तिथे फक्त १८.१ टक्के. मुळातलं काम चांगलं पण वरचं वाईट अशा दातांत ४४.१, आणि मुळातलं वाईट पण वरचं चांगलं अशात ६७.६. हे एक्स-रेवरचं निरीक्षण आहे, आणि नंतरच्या काही अभ्यासांत मुळातल्या कामाचं पारडं अधिक जड निघालं. तरी वरचं झाकण लांबणीवर टाकू नये, एवढं त्यातून निर्विवाद निघतं.

घडवंची

या शेवटच्या मुद्द्याला माझा जोरदार दुजोरा. "आता दुखत नाही" म्हणून कॅपसाठी परत न येणारे पेशंट मी आयुष्यभर पाहिले. तात्पुरतं फिलिंग काही आठवड्यांसाठी असतं हो, वर्षांसाठी नाही. कॅप न बसवलेली दाढ चिरली की मग आतला भराव कितीही छान असला तरी दात काढावाच लागतो. फार वाईट वाटायचं.

पाणकणीस

माझा प्रश्न थोडा मागे पडला. पोस्ट पुन्हा बसवायची की दात काढायचा, असं डॉक्टरांनी विचारलंय. पुन्हा बसवली तरी पुन्हा निघेल ना, जर बंध इतका दुबळा असेल तर?

कवडसा

ताई, ते हिरडीच्या वर तुमचा किती दात शिल्लक आहे यावर आहे. कॅपची कड दाताच्या निरोगी भिंतीला सगळीकडून निदान दीड-दोन मिलिमीटर कवेत घेऊ शकली, तर चावण्याचा भार त्या भिंतीवर जातो आणि सिमेंटवर थोडाच येतो. याला आम्ही फेरूल म्हणतो. तुमच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा: फेरूल किती मिळतंय? मिळत नसेल, तर दात थोडा बाहेर ओढून किंवा हिरडी-हाड थोडं खाली नेऊन ते मिळवता येतं का? दोन्ही शक्य नसेल तर नुसत्या चिकटवण्याच्या भरवशावर मी पुन्हा पोस्ट घालणार नाही.

फेरूल असेल तर जरूर बसवा. पोस्टवर दाताचा तुकडा न येता दात कोरा राहिला, म्हणजे बहुधा मूळ चिरलेलं नाही, ही चांगली बाजू आहे. तरी मायक्रोस्कोपखाली आतून चीर बघायलाच हवी. आणि पोस्ट निघाल्यावर जागा लाळेत किती दिवस उघडी होती तेही सांगा. बरेच दिवस उघडी असेल तर खालचा गटापर्चा बदलून मग पोस्ट घालावी लागते, कारण टोकाशी ठेवलेल्या चार-पाच मिलिमीटर गटापर्चाच्या कडेने जंतू खाली गेलेले असू शकतात.

बसवताना भिंत मायक्रोस्कोपखाली बघून जुना गटापर्चा, सीलर, सिमेंट सगळं खरवडून काढायचं. खोलवर लाइट पोचत नाही, म्हणून लाइटशिवायही घट्ट होणारं ड्युअल-क्युअर सिमेंट हवं. वेगळं बाँडिंग लावणार असाल तर ते त्या सिमेंटला चालतं का हे बघायला लागतं. काही आम्लधर्मी बाँडिंग सिमेंटमधलं, त्याला घट्ट करणारं अमाइन निकामी करतात आणि सांध्यापाशीच सिमेंट कच्चं राहतं. सेल्फ-ॲडहेसिव्ह सिमेंटमध्ये ही पायरीच नसते, म्हणून मुळाच्या आत मी तेच पसंत करते. सिमेंट बारीक नळीने तळापासून वर भरत आणायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. पोस्ट घालून हलवायची नाही.

पाणकणीस

दात साधारण आठवडाभर उघडा होता, वर कापूसही नव्हता. फेरूलचं उद्या विचारते.

कवडसा

आठवडा असेल तर खालचा गटापर्चा बदलून घ्या, मी तरी तसंच करेन. उद्या जाईपर्यंत त्या बाजूने चावू नका आणि निघालेली कॅप सोबत न्या. दाताची कड शाबूत असेल तर तात्पुरती तीच वापरता येते.